कुंभार की वारूळ: ईश्वरसिद्धीच्या अनुमानाची पार्श्वभूमी

राजापूर तालुक्यातील कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, जांभ्या दगडात कोरलेला सुमारे १८ मीटर लांबीचा एक हत्ती आहे आणि त्याच्या अंगात इतर अनेक प्राण्यांच्या आकृत्या कोरलेल्या आहेत. हे कातळशिल्प कोरणारा माणूस आज हयात असलेल्या कोणीही पाहिलेला नाही, तरी ते कोणीतरी कोरले याविषयी तिथे उभ्या राहणाऱ्याच्या मनात शंका येत नाही. कोकणच्या अशाच सड्यांवर आणि बांधांवर लाल मातीची वारुळेही उभी असतात. त्यांनाही घाट असतो, आत दालने आणि वाटा असतात, पण त्यांच्यामागे कोणी कारागीर नसतो. वाळवी माती वर आणत जाते आणि वारूळ वाढत जाते. ईश्वराचे अस्तित्व तर्काने सिद्ध करण्याच्या भारतातील प्रयत्नांचा इतिहास बऱ्याच अंशी या दोन वस्तूंमधील फरकाभोवती फिरतो. आपल्याकडे हा विषय काढला की लगेच युरोपातील नावे पुढे येतात, म्हणून प्रथम आपल्या परंपरेकडे पाहणे मला अगत्याचे वाटते.

न्याय या तर्कप्रधान दर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, ईश्वराचा उल्लेख येतो तो कर्मफलाच्या संदर्भात. माणसाचे प्रयत्न पुष्कळदा निष्फळ ठरताना दिसतात, तेव्हा फळ देणारे कारण ईश्वर असले पाहिजे, असा पक्ष चौथ्या अध्यायात मांडला आहे. पुढे उद्योतकर या न्यायाच्या भाष्यपरंपरेतील आचार्याने निराळा मुद्दा आणला: परमाणू अचेतन आहेत आणि सुताराच्या हाताशिवाय वाकस जशी आपण होऊन चालत नाही, तसे तेही चेतन अधिष्ठात्याशिवाय प्रवृत्त होणार नाहीत. यातून नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांचे, प्रसिद्ध अनुमान घडत गेले. पृथ्वी, अंकुर इत्यादी गोष्टींना कर्ता आहे, कारण त्या कार्य, म्हणजे उत्पन्न झालेल्या वस्तू, आहेत. जे जे कार्य असते त्याला कर्ता असतो, जसा घटाला कुंभार. घट आणि कुंभार ही जोडी तेव्हापासून या वादाला चिकटली ती कायमची.

तिच्यावर सर्वांत नेमका घाव घातला तो सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकाने. मातीचा एक विकार, म्हणजे घट, कुंभार करतो एवढ्यावरून मातीचा प्रत्येक विकार कुंभाराचा ठरत असेल, तर वारूळही कुंभारानेच केले असे म्हणावे लागेल, असे त्याने आपल्या प्रमाणवार्तिक या ग्रंथात दाखवून दिले. दोन वस्तूंना ‘रचना’ हा एकच शब्द लागू पडतो म्हणून त्यांचे कारणही एकाच जातीचे ठरत नाही. पांढुरके काहीतरी दिसले एवढ्यावरून अग्नीचे अनुमान करता येत नाही, हेही तो तिथेच सांगतो. हिवाळ्यातील सकाळी दरीत साचलेले धुके दुरून भाजावळीच्या धुरासारखे दिसते. पण धूर आणि आग यांचा संबंध आपण अनेकदा पाहिलेला असतो, धुके आणि आग यांचा तसा संबंध कधीच पाहिलेला नसतो. धर्मकीर्तीचा हा आक्षेप मला आजही या सर्व वादातील सर्वांत वजनदार आक्षेप वाटतो, कारण तो ईश्वर नाही असे म्हणत नाही. अनुमान कुठवर पोहोचते एवढेच तो मोजतो.

विरोध केवळ बौद्धांचा नव्हता, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. वेदांचे कट्टर अभिमानी असलेले, वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा दर्शनाचे कुमारिल भट्ट यांनीही सृष्टिकर्ता नाकारला. ज्याला शरीर नाही तो निर्मिती कशी करणार, आणि करुणेपोटी सृष्टी केली म्हणावे तर जीव नसताना करुणा कोणाविषयी, असे त्यांचे प्रश्न होते. सांख्य दर्शनाच्या सूत्रांत तर ‘ईश्वरासिद्धेः’, म्हणजे ईश्वर सिद्ध होत नसल्यामुळे, असे स्पष्ट सूत्र आहे.

दहाव्या-अकराव्या शतकातील मिथिलेचे नैयायिक उदयनाचार्य यांनी या सर्वांना न्यायकुसुमांजलीत उत्तर दिले. पाचव्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, त्यांनी कार्य, आयोजन (परमाणूंची जुळणी), धृती (जग धरून ठेवणे) अशा क्रमाने हेतूंची मालिकाच दिली आहे. कोणीही न पेरता उगवलेल्या गवताचे काय, या आक्षेपाला नैयायिकांचे उत्तर असे की, तो अंकुर वादाच्याच विषयात येतो. ज्याविषयी वाद आहे तीच वस्तू विरोधाचे उदाहरण म्हणून पुढे करता येत नाही. पहिल्या पावसानंतर आठवडाभरात हिरवा होणारा सडा पाहिला की हा पेच दोन्ही बाजूंनी किती खरा आहे ते उमगते. पुरीच्या देवळाचे दार बंद दिसले तेव्हा उदयनाचार्यांनी जगन्नाथालाच ‘बौद्ध समोर उभे ठाकतात तेव्हा तुझे अस्तित्व माझ्या हाती असते’ असे सुनावले, अशी आख्यायिका आहे. विक्रमशिला विहारातील बौद्ध पंडित रत्नकीर्तीने ‘ईश्वरसाधनदूषण’ नावाचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला, यावरून त्या काळी हा वाद किती तापला होता याची कल्पना येते.

शंकराचार्यांनी मात्र कुंभाराची वाटच सोडली होती. ब्रह्म शास्त्राने कळते, निव्वळ अनुमानाने नव्हे, अशी त्यांची भूमिका होती आणि जगापासून अलग असलेला, कुंभारासारखा केवळ घडवणारा, म्हणजे निमित्तकारणरूप, ईश्वर त्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात खोडून काढला. त्यांना जवळचा दृष्टान्त मुंडकोपनिषदातील कोळ्याचा: जाळे विणणाराही तोच आणि धागा येतो तोही त्याच्याच शरीरातून. हा कोळी पुढे अनपेक्षित ठिकाणी पोहोचला. १७७९ साली, मृत्यूनंतर तीन वर्षांनी, प्रसिद्ध झालेल्या स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या धर्मविषयक संवादांत रचनेवरून कर्त्याचे अनुमान करणाऱ्यांना उत्तर देताना ब्राह्मणांच्या या कोळ्याचाच दाखला येतो. जग यंत्रासारखे आहे असेच का म्हणायचे, ते विणलेल्या किंवा उगवलेल्या वस्तूसारखे का नसावे, असा तेथील प्रश्न आहे. अकराव्या शतकातील अन्सेल्मने केवळ ‘सर्वश्रेष्ठ’ या कल्पनेतून आणि तेराव्या शतकातील अक्वायनसने पाच मार्गांनी ईश्वर सिद्ध करू पाहिला होता. १७८१ मध्ये कान्टने अशा सैद्धान्तिक प्रमाणांची मर्यादा दाखवली. तरीही १८०२ मध्ये विल्यम पेलीने माळावर सापडलेल्या घड्याळाचा दृष्टान्त देऊन जुने अनुमान नव्या डौलात उभे केले.

पेलीचा हा प्रभाव ताजा असतानाच स्कॉटिश मिशनरी कोकण किनाऱ्यावर आले. बाणकोट आणि हर्णै ही त्यांची सुरुवातीची ठाणी होती आणि १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन यांचा मराठीचा प्रारंभीचा अभ्यास या भागात झाला. १८३१ मध्ये हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या मोरभट दांडेकरांशी त्यांचा वाद झाला. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी वेदोक्त धर्माचे पुरस्कर्ते विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद झाले. विष्णुबावा कुलाबा जिल्ह्यातले, आजच्या रायगडातले. ईश्वर आहे हे दोन्ही पक्षांना मान्य होते. वाद होता तो कोणता ईश्वर, त्याचे गुण कोणते आणि त्याचे शास्त्र कोणते, याविषयी. मिशनऱ्यांचा ईश्वर शून्यातून जग करणारा, म्हणजे मातीशिवायचा कुंभार; नैयायिकांचा ईश्वर नित्य परमाणूंना आकार देणारा; वेदान्त्यांचा ईश्वर कोळ्यासारखा. ही तीन चित्रे समोर ठेवली नाहीत तर त्या वादातील पुष्कळ उत्तरे परस्परांना चुकवून जाताना दिसतात.

विष्णुबावांचा ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी डार्विनचा उत्क्रांतीविषयीचा ग्रंथ निघाला आणि सजीवांच्या रचनेवरून थेट कर्त्यापर्यंत जाण्याची वाट अवघड झाली. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी १९१५ च्या गीतारहस्यात हेकेल या जर्मन जीवशास्त्रज्ञाच्या जडाद्वैताची, म्हणजे सर्व काही एका जड द्रव्यातूनच झाले या मताची, दखल घेतली आणि आधार शोधला तो अध्यात्मात, म्हणजे जाणणाऱ्या आत्म्याच्या विचारात. रचनेचे अनुमान मात्र संपले नाही. आज ते निसर्गाचे स्थिरांक जीवसृष्टीला इतके अनुकूल कसे, या रूपात मांडले जाते.

वेंगुर्ले-सावंतवाडीकडे आणि गोव्यात सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपात होते. गोव्यात त्या वारुळाला रोयण म्हणतात. तिला फुले वाहणाऱ्याने वारुळाचा कर्ता शोधलेला नसतो. शंकराचार्यांप्रमाणेच त्याचीही भिस्त अनुमानावर नसते. अनुमान करू पाहणाऱ्याला मात्र सड्यावर परत यावेच लागते. कातळावरची रेघ छिन्नीची की पावसाच्या पाण्याने झिजलेली, हे अभ्यासक ठरवू शकतात, कारण कोरलेले आणि न कोरलेले असे दोन्ही प्रकारचे कातळ त्यांना शेजारी शेजारी पाहता येतात. विश्वाच्या बाबतीत तुलनेला दुसरे विश्व आपल्यापाशी नाही.