एसीचा निरोप घरातल्या घरात

मुंबईतल्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये टीपॉयवर नजर टाका. टीव्हीचा रिमोट, सेट-टॉप बॉक्सचा, एसीचा आणि हल्ली पंख्याचासुद्धा. एक हमखास प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, एकाच्या पाठीला झाकणाऐवजी सेलोटेप. या सगळ्यांची कामं एका छोट्या चिपला नेमून देता येतात आणि बटणं मोबाइलच्या ब्राउझरमध्ये आणता येतात. त्यासाठी कुठल्या कंपनीचं ॲप लागत नाही, महिन्याचं भाडं तर नाहीच.

मुळात रिमोट बोलतो कसा? त्याच्या टोकाला इन्फ्रारेड एलईडी असतो. साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. अडचण अशी, की असे किरण सगळीकडेच असतात: खिडकीतून येणाऱ्या उन्हात, पिवळ्या बल्बमध्ये. त्या गर्दीत रिमोट वेगळा ओळखू यावा म्हणून त्याचा प्रकाश सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि समोरचा रिसीव्हर तेवढीच लुकलुक टिपतो. अडतीसच का? यात रेडिओचा वारसा आहे. एएम रेडिओसाठी ४५५ किलोहर्ट्झचे सिरॅमिक रेझोनेटर स्वस्तात आणि ढिगाने मिळत. ४५५ ला १२ ने भागा, उत्तर जवळपास ३८.

या लुकलुकीचे तुकडे पाडून निरोप तयार होतो. एनईसी नावाच्या जुन्या, प्रचलित पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांची लांब हाळी, मग ४.५ मिलिसेकंद शांतता आणि पुढे ३२ बिट. प्रत्येक बिटमधला उजेड सारख्याच लांबीचा, अर्धा मिलिसेकंद आणि वर थोडा. फरक असतो तो मागून येणाऱ्या अंधारात. अंधार तेवढाच असला तर शून्य, तिप्पट असला तर एक. उपकरणाचा पत्ता आणि आज्ञा दोन्ही एकदा सरळ आणि एकदा उलटवून पाठवतात. दोन्ही जुळलं नाही, तर टीव्ही तो निरोप सोडून देतो.

एसीचा रिमोट मात्र वेगळ्या वळणाचा. तापमान एक अंशाने वाढवायचं बटण दाबलं, तरी तो ‘एक अंश वाढव’ एवढंच म्हणत नाही. चालू, कूलिंग, २४ अंश, पंखा मध्यम, झडपा वर-खाली, अशी सगळी कुंडली दरवेळी नव्याने पाठवतो. म्हणून हे निरोप लांबलचक, बहुधा शंभराहून जास्त बिटांचे असतात. आपल्या कामाला हे बरंच पडतं. टीव्हीचं पॉवरचं बटण उलटापालट करणारं, चालू असेल तर बंद आणि बंद असेल तर चालू. एसीला थेट ‘बंद हो’ सांगता येतं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात वायफाय असलेल्या ईएसपी-८२६६ चिपचा बोर्ड काही शे रुपयांत मिळतो. त्याच्या जोडीला इन्फ्रारेड एलईडी, रिसीव्हर आणि एक ट्रान्झिस्टर घ्यायचा. ट्रान्झिस्टर टाळू नका, तो एलईडीला जास्त प्रवाह मिळवून देतो. चिपची पिन जेमतेम १२ मिलीअँपिअर देते. तेवढ्यात एलईडी पेटतो, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचत नाही. आधी मूळ रिमोट रिसीव्हरसमोर धरून बटणं दाबायची, की चिप निरोप शिकते. बऱ्याच कंपन्यांच्या एसीची भाषा मोफत मिळणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, आधीच लिहिलेली असते. मग चिपवरच छोटा वेब सर्व्हर चालवायचा. घरच्या वायफायवरून तिचा पत्ता उघडला, की बटणांचं पान येतं. एक खबरदारी: बटणं साध्या लिंक म्हणून ठेवू नयेत. काही ब्राउझर लिंक आधीच उघडून ठेवतात आणि मग कुणी हात न लावता एसी सुरू व्हायचा.

बाजारात तयार ‘स्मार्ट’ डबे मिळतात, त्यांतल्या बऱ्याच डब्यांचा निरोप आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून परत घरात येतो. काखेत कळसा नि गावाला वळसा! कंपनीने सेवा बंद केली, तर डबा मुका. घरचा सर्व्हर पावसाळ्यात इंटरनेटची केबल तुटली तरी चालतो, आणि आपण कधी झोपतो, कधी बाहेर पडतो याची नोंद घराबाहेर जात नाही. मला हाच मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो.

दादरला लोकलमध्ये बसूनच एसी लावायचा असेल, तर मात्र जपून. राउटरचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, सरळ जगाला उघडून देऊ नये. कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेल्या कॅमेऱ्यांवर आणि राउटरवर २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक सॉफ्टवेअरने कब्जा केला होता. घरापर्यंत व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारा खासगी, कुलूपबंद बोगदा, टाकावं आणि त्यातूनच आत यावं.

आता खरी मेख. रिमोट एकतर्फी आहे. एसीने ऐकलं की नाही, हे चिपला कळतच नाही. मध्येच कुणी पडदा ओढला, किंवा आईने जुन्या रिमोटने एसी बंद केला, तरी वेबपानावर ‘चालू’च दिसणार. यावर उपाय म्हणजे एसीच्या झोतात तापमानाचा सेन्सर लावणं. कॉम्प्रेसर चालला, की थोड्याच वेळात झोत खोलीपेक्षा बराच गार होतो. तसं झालं नाही, तर चिपने निरोप पुन्हा पाठवावा. टीव्हीला ही युक्ती लागू नाही. तिथे विजेचा प्रवाह मोजावा लागतो.

खरेदीला जाण्याआधी रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला, तर तो इन्फ्रारेडचा. टीव्हीच्या रिमोटचा ठिपका दिसतो आणि पंख्याच्या रिमोटचा दिसत नाही, असं झालं तर पंख्याचा रिमोट बहुधा रेडिओलहरींवर चालतो. त्याला हा एलईडी चालणार नाही, वेगळा ट्रान्समीटर घ्यावा लागेल.