होम मीडिया प्लेअरची किंमत आणि परवान्याच्या चाव्या : पार्श्वभूमी

घरच्या नेटवर्कवरील चित्रपट टीव्हीवर दाखवणारा पहिला ॲपल टीव्ही २००७ साली २९९ डॉलरना मिळत होता आणि २०१३ साली आलेल्या, टीव्हीच्या पोर्टमध्ये खोचायच्या क्रोमकास्टची किंमत ३५ डॉलर होती. या घसरणीतला काही वाटा स्वस्त झालेल्या चिपचा आहे, परंतु उरलेला वाटा उत्पादकांनी काय काय वगळले याचा आहे आणि किमतीची तुलना करताना तोच हिशेब सहसा मांडला जात नाही.

आरंभीच्या काळात महाग म्हणजे अधिक सुविधा असे समीकरण नव्हते. २९९ डॉलरच्या त्या पेटीत ४० जीबीची हार्ड डिस्क होती, पण तिला मोजकेच फॉरमॅट समजत असत. उलट २००८ साली १७९ डॉलरना आलेला पॉपकॉर्न अवर हार्ड डिस्कविना विकला जाई आणि एमकेव्हीसह (चित्र आणि आवाज एकाच फायलीत साठवणारा फॉरमॅट) जवळजवळ सर्व प्रचलित फॉरमॅट चालवी. जुन्या एक्सबॉक्स कन्सोलवर एक्सबीएमसी हे मोफत सॉफ्टवेअर बसवणाऱ्या हौशी मंडळींनी तर त्याही आधी, ६४ एमबी मेमरीच्या यंत्रावर, बाजारातल्या पेट्यांपेक्षा सरस काम करून दाखवले होते. खोक्यावरचे डीएलएनएचे (घरातली उपकरणे एकमेकांशी जुळावीत यासाठीचे मानक) बोधचिन्ह पाहून खरेदी करणाऱ्यांचा मात्र वारंवार गैरसमज झाला. त्या मानकात घरगुती उपकरणांना व्हिडिओसाठी एमपेग-२ हा डीव्हीडीवरचा फॉरमॅट बंधनकारक होता, इतर फॉरमॅट ऐच्छिक होते आणि लोकांच्या संग्रहात भराभर वाढणाऱ्या एमकेव्ही फायलींची हमी ते चिन्ह देत नव्हते.

अशा परिस्थितीत फेब्रुवारी २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा ३५ डॉलरचा बोर्ड आला. त्याचा मुख्य प्रोसेसर ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे तेव्हाच्या मानानेही दुबळा होता. परंतु चिपमध्ये व्हिडिओ उलगडण्यासाठी स्वतंत्र हार्डवेअर डीकोडर असल्यामुळे १०८०पी दर्जाचा, एच.२६४ या तेव्हाच्या प्रचलित व्हिडिओ फॉरमॅटमधला चित्रपट तो विनासायास दाखवी. एक्सबीएमसीच्या त्यावर चालणाऱ्या आवृत्त्या काही महिन्यांतच उपलब्ध झाल्या आणि शाळकरी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी तयार केलेला हा बोर्ड ‘सर्वांत स्वस्त मीडिया प्लेअर’ म्हणून ओळखला जाऊ लागला. पॉवर ॲडॉप्टर, एसडी कार्ड, एचडीएमआय केबल आणि कव्हर यांचा खर्च त्या ३५ डॉलरमध्ये धरलेला नव्हता, हे सांगायला हवे.

वाद झाला तो एमपेग-२ वरून. चिपमध्ये त्याचाही डीकोडर होता, मात्र तो बंद ठेवलेला होता. त्या काळी एमपेग-२ च्या पेटंटधारकांच्या समूहाला प्रत्येक डीकोडरमागे सुमारे २ डॉलर स्वामित्वशुल्क द्यावे लागे आणि ३५ डॉलरच्या वस्तूत हा भार मोठा होता. बोर्ड काढणाऱ्या ब्रिटिश धर्मादाय संस्थेने एच.२६४ चे शुल्क किमतीत सामावून घेतले, एमपेग-२ आणि व्हीसी-१ (आणखी एक व्हिडिओ फॉरमॅट) यांचे घेतले नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये तिने या दोन्हींच्या चाव्या, म्हणजे बंद डीकोडर उघडणारे संकेतांक, स्वतंत्रपणे विकायला काढल्या : एमपेग-२ साठी २.४० पौंड, व्हीसी-१ साठी १.२० पौंड. प्रत्येक चावी त्या त्या बोर्डाच्या अनुक्रमांकाशी बांधलेली असे आणि ती बोर्डाच्या मांडणीच्या (config) फाइलमध्ये एका ओळीत लिहायची असे.

आक्षेप दोन होते आणि दोन्हींत तथ्य होते. जे सर्किट चिपमध्ये आधीच आहे आणि ज्याचे पैसे ग्राहकाने मोजले आहेत, ते उघडण्यासाठी पुन्हा पैसे का द्यावेत, हा पहिला. बोर्ड बिघडला तर चावीही निरुपयोगी होते, हा दुसरा. तरीही हा निर्णय योग्यच होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सर्किट बनवण्याचा खर्च आणि ते वापरण्याचा पेटंट परवाना या दोन निराळ्या बाबी आहेत, आणि वर्गात बोर्ड वापरणाऱ्या विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या डीव्हीडी संग्रहासाठी शुल्क भरावे हे न्याय्य नव्हते. शिवाय इतर उत्पादक हेच शुल्क किमतीत मिसळून टाकत किंवा सुविधा गाजावाजा न करता गाळत. येथे ती रक्कम ग्राहकाला पेन्सपर्यंत उघड दिसली.

महाराष्ट्रातल्या घरांनाही हा तपशील अगदी जवळून लागू होता. २००० नंतरच्या दशकात लग्न-मुंजीचे चित्रीकरण डीव्हीडीवर मिळे, आणि डीव्हीडीवरचा व्हिडिओ एमपेग-२ मध्ये असतो. त्या तबकड्या खराब होण्याआधी हार्ड डिस्कवर उतरवून ठेवणाऱ्याला चावीविना रास्पबेरी पायवर आवाज ऐकू येई, पण चित्र दिसत नसे. भारतात डिसेंबर २०१४ मध्ये २,९९९ रुपयांना आलेल्या क्रोमकास्टने या प्रश्नाला बगलच दिली : त्याला रिमोट नव्हता, इथरनेटचे पोर्ट नव्हते आणि घरच्या हार्ड डिस्कवरचे काही दाखवायचे तर फोन किंवा संगणकावरच्या दुसऱ्या ॲपची मदत घ्यावी लागे. ऑनलाइन सेवा पाहणाऱ्याला तो पुरेसा होता. स्वतःचा संग्रह सांभाळणाऱ्याला नव्हता.

चाव्यांचे महत्त्व मग आपोआप कमी होत गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याच ३५ डॉलरना आलेल्या रास्पबेरी पाय २ च्या चार कोअरना डीव्हीडी दर्जाचा एमपेग-२ व्हिडिओ निव्वळ सॉफ्टवेअरने उलगडता येऊ लागला. अमेरिकेतील शेवटचे एमपेग-२ पेटंट २०१८ साली संपले. २०१९ च्या पाय ४ मध्ये एमपेग-२ आणि व्हीसी-१ यांचे जुने हार्डवेअर डीकोडर काढून टाकण्यात आले आणि ४के चित्रपटांसाठी एचईव्हीसी या एच.२६४ नंतरच्या फॉरमॅटचा डीकोडर बसवण्यात आला. २०२३ च्या पाय ५ मधून तर एकेकाळी किमतीत सामावलेला एच.२६४ चा हार्डवेअर डीकोडरही गेला. ते काम आता मुख्य प्रोसेसर करतो, आणि त्या बोर्डाचा सर्वांत स्वस्त प्रकारही ३५ डॉलरना मिळत नाही.