वणव्याचा हिशेब आणि तुमची बाग
आंबा-काजू बागायतदारांसाठी माहितीपत्रक

बागेत वणवा शिरतो तो बऱ्याचदा बाहेरून. शेजारच्या पडीक सड्यावरून, विजेच्या तारांच्या ठिणगीने, नाहीतर कुणाची भाजावळ हाताबाहेर गेल्याने. तो येणार की नाही, हे कोणतीही संगणक प्रणाली सांगू शकत नाही. आला तर किती वेगाने पसरेल आणि ज्वाळा किती उंच उठतील, एवढं मात्र आधी काढता येतं. आमचं काम तेवढंच आहे आणि ते नीट झालं तर जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, कुठे आणि किती रुंद घ्यायची, हे नेमकं ठरवता येतं.

हिशेबाच्या मुळाशी अमेरिकी वनसेवेतल्या रिचर्ड रॉदरमेल यांनी 1972 साली मांडलेलं सूत्र आहे. त्याला चार गोष्टी लागतात: जळण किती आणि कसं आहे, त्यात ओलावा किती, वारा किती आणि उतार किती. अमेरिकेत आयएफटीडीएसएस नावाची सरकारी ऑनलाइन प्रणाली आहे. तिच्यात जागा निवडली की जळणाचा तयार नकाशा मिळतो. तो नकाशा अमेरिकेपुरताच. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं गवत त्यात नाही. म्हणून जिथे आकडे हाताने भरता येतात अशी ऑनलाइन प्रणाली आम्ही वापरतो आणि आकडे तुमच्याच जागेवर मोजतो.

मोजणी अशी. एक मीटर लांब-रुंद चौकट गवतावर ठेवून आतलं सगळं गवत कोयतीने मुळाशी कापायचं, पिशवीत घट्ट बंद करून लगेच वजन करायचं, मग भट्टीत वाळवून पुन्हा वजन. समजा आधी 216 ग्रॅम भरलं आणि वाळल्यावर 200 उरलं. ओलावा झाला 8 टक्के आणि जळण हेक्टरी 2 टन. एका चौकटीवर विसंबून चालत नाही. गडग्याकडेचं गवत, कलमांखालचा पातेरा आणि उघडा सडा यांचे आकडे वेगवेगळे येतात. पातेऱ्यातल्या काड्यांची जाडीही बघतो. 6 मिलिमीटरपेक्षा बारीक काडी हवेतला ओलावा तासाभरात घेते-सोडते. त्यामुळे पहाटे दवाने ओलं वाटणारं गवत दुपारी पेटायला तयार असतं.

वाऱ्याकडे आम्ही विशेष लक्ष देतो. कोकणात दुपारी खारे वारे सुटतात आणि पश्चिमेकडच्या उतारावर ते वर चढतात. आगही उतारावर वरच धावते, कारण ज्वाळा पुढच्या गवताकडे झुकून ते आधीच तापवतात. अशा उतारावर बाग वरच्या अंगाला असेल, तर खालच्या हद्दीची बेणणी, म्हणजे गवत-झुडपांची सफाई, आधी करा. चारही बाजूंना सारखा पट्टा काढण्यात मजुरी वाया जाते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

निकालातला पहिला आकडा बघावा तो ज्वाळेच्या लांबीचा. साधारण 1.2 मीटरपर्यंत माणसं हातातल्या अवजारांनी समोरून आग अडवू शकतात. त्यापुढे समोर उभं राहणं धोक्याचं. म्हणून गवत कापून तो आकडा खाली येतो का, हे आम्ही प्रणालीत पुन्हा चालवून दाखवतो. कापलेलं गवत तिथेच पसरून ठेवलं तर जळण कमी होत नाही, ते उचलावंच लागतं.

या हिशेबाच्या मर्यादाही ध्यानात ठेवा. मूळ सूत्र जळण सगळीकडे सारखं पसरलंय असं धरतं आणि उडणाऱ्या ठिणग्या मोजत नाही. जोराच्या वाऱ्यात ठिणगी पट्टा ओलांडू शकते, म्हणून राखण लागतेच. जाळरेषा जाळून काढायची असेल तर सकाळी, वारा पडलेला असताना, पाणी आणि माणसं हाताशी ठेवून. बाग वनाला लागून असेल तर वनविभागाला कळवल्याशिवाय काडी ओढू नका. राखीव वनात आग लावणं 1927 च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे.

पहिली मोजणी दिवाळीनंतर गवत पिवळं पडताना आणि दुसरी मोहोर असताना करतो. येण्याआधी सातबारा, हद्दीचा नकाशा आणि पूर्वी वणवा कोणत्या बाजूने आला होता ती माहिती काढून ठेवा. वणवा लागलाच तर आम्हाला फोन करण्यात वेळ घालवू नका. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.