हा फक्त 'मुलींचा आजार' नाही

'खाण्याचे विकार म्हणजे बारीक दिसायचं मुलींचं वेड' हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी कितीतरी जणांचं निदान लांबतं.

इंग्लंडमधले डॉक्टर रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ साली अशा आजाराच्या दोन रुग्णांबद्दल लिहिलं. त्यातला एक मुलगा होता! तरी अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निकषांत ॲनोरेक्सियाच्या, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याच्या विकाराच्या, निदानासाठी स्त्रियांची पाळी बंद होण्याची अट २०१३पर्यंत टिकली. निकष लिहिताना डोळ्यांसमोर बाईच होती, असं मला वाटतं.

मुलांमध्ये ध्यास बरेचदा बारीक होण्याचा नसून पिळदार होण्याचा असतो. दिवसातून दहा वेळा आरशासमोर दंड आवळून बघणारा, एक व्यायाम चुकला की जेवण टाळणारा मुलगा आपल्याला शिस्तीचा वाटतो. आपण त्याचं कौतुक करतो.

आणि मूळ नेहमी आरशातच असतं असंही नाही. मुलाने रडायचं नाही, मुलीने चिडायचं नाही. मग ते दुःख, तो राग जाणार कुठे? घर झोपल्यावर कुणी अंधारात उभ्याउभ्या, चवही न घेता खात सुटतं. काही मिनिटं मन बधिर होतं, मग लाज दाटून येते. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपास, आणि त्या उपासमारीने संध्याकाळी भूक पुन्हा उसळते. इथे इच्छाशक्ती कमी पडत नाही. उपाशी शरीर अन्न मागतं.

वजनावरूनही ओळखू नका. यातल्या बहुतेकांचं वजन कमी नसतं. उपचारात वेळेवर जेवण आणि भावनांवर बोलणं, दोन्ही लागतं.