बामा म्हणजे नुसतं फुटबॉल? अलाबामा युनिव्हर्सिटीबद्दलची मतं कुठून आली त्याची पार्श्वभूमी

युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामाचं (लाडाचं नाव 'बामा') नाव काढा, बाहेरच्या राज्यातल्या अमेरिकन माणसाकडून तीनच गोष्टी ऐकायला मिळतात: फुटबॉल, पार्ट्या आणि वर्णद्वेष. अभ्यासाबद्दल सहसा कुणी बोलतच नाही आणि बोललंच तर "तिथे काय शिकतात?" एवढंच. आपल्याकडची एमएसला जाणारी मुलंसुद्धा यादी करताना दक्षिणेतली म्हणून जॉर्जिया टेक किंवा टेक्सास धरतात, अलाबामावर नजर फिरते आणि पुढे जाते. मला वाटतं ही मतं अगदी हवेतून आलेली नाहीत, प्रत्येकामागे एक तारीख आहे, पण यातल्या काही गोष्टी या युनिव्हर्सिटीने स्वतः कमावल्यात आणि एक गोष्ट तिच्यावर अन्याय करणारी आहे, आणि लोक सगळ्याची एकच खिचडी करतात. म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

टस्कलूसा हे गाव, ब्लॅक वॉरियर नदीच्या काठी. युनिव्हर्सिटीचा कायदा 1820 चा, वर्ग सुरू झाले 1831 मध्ये. सुरुवातीपासून ती गुलाम बाळगणाऱ्या जमीनदारांच्या मुलांची जागा होती, कॅम्पसवरची कामंही गुलामच करत, आणि याबद्दल तिथल्या प्राध्यापकांच्या सिनेटने माफी मागितली ती थेट 2004 मध्ये. 1860 ला पोरं फार मोकाट सुटलीत म्हणून तिचं मिलिटरी स्कूल केलं, मग यादवी युद्ध पेटलं आणि इथले कॅडेट दक्षिणेच्या सैन्यासाठी तयार होऊ लागले, त्यामुळे 4 एप्रिल 1865 ला उत्तरेच्या फौजेने येऊन कॅम्पस जाळून टाकला. लायब्ररीतली हजारो पुस्तकं गेली (त्यातून कुराणाची एकच प्रत वाचवली अशी आख्यायिका तिथे अजून सांगतात), मुख्य इमारतींपैकी चार-पाचच उरल्या. वाईट म्हणजे युद्ध संपायला जेमतेम पाच दिवस उरले होते, 9 एप्रिलला दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. "बाहेरच्यांनी आपलं जाळलं" ही भावना तिथे खोल गेली ती इथून, आणि पुढच्या शंभर वर्षांत तिचा चांगला-वाईट दोन्ही वापर झाला.

आता फुटबॉल. फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन फुटबॉल, हातात चेंडू घेऊन पळायचं ते. इथे टीम 1892 पासून आहे, पण बाहेरच्यांनी तिची दखल घेतली ती 1 जानेवारी 1926 ला. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात शेजारच्या टेनेसीत उत्क्रांती शिकवली म्हणून एका शिक्षकावर खटला चालला होता आणि उत्तरेतल्या पेपरांनी सगळ्या दक्षिणेला अडाणी, मागास, देवभोळं ठरवून मोकळं केलं होतं. अशा वातावरणात कॅलिफोर्नियात होणाऱ्या रोझ बोल या मानाच्या मॅचचं आमंत्रण अलाबामाला आलं, दक्षिणेतल्या टीमला पहिल्यांदाच, आणि समोर वॉशिंग्टनची तगडी टीम. हाफटाइमला स्कोअर 12-0, अलाबामा मागे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांनी एकदम 20 पॉइंट काढले आणि शेवटी 20-19 ने जिंकले. एका पॉइंटने! परतीच्या वाटेवर स्टेशनांवर लोक जमले होते, आणि ज्यांना कॉलेजशी काही देणंघेणं नव्हतं त्यांनाही वाटलं की आपण जिंकलो. त्या टीममधला जॉनी मॅक ब्राऊन तर पुढे हॉलिवूडमध्ये काउबॉय हिरो झाला.

माझ्या मते बामाच्या प्रतिमेचा पाया इथे पडला. बाहेरचे हसतात ना, मग त्यांना मैदानात उत्तर द्यायचं. तेव्हाचे प्रेसिडेंट जॉर्ज डेनी यांनाही कळलं की या खेळाने नाव होतं आणि नावाने विद्यार्थी येतात, 1929 ला नवं स्टेडियम झालं त्याला त्यांचंच नाव दिलं. नवं शतक लागल्यावर जे झालं त्याची पहिली आवृत्ती म्हणजे हीच.

पण या सगळ्यात मैदानावर आणि वर्गात फक्त गोरे होते. आणि इथे दुसरी प्रतिमा तयार झाली, ती फुसकी नाहीये, ती खरी आहे.

ऑथरीन लूसी नावाची कृष्णवर्णीय मुलगी 1952 मध्ये अर्ज करते, लायब्ररी सायन्स शिकायचं म्हणून, अॅडमिशन मिळते आणि ती काळी आहे कळल्यावर रद्द होते. कोर्टात तीन वर्षं जातात. फेब्रुवारी 1956 मध्ये ती शेवटी वर्गात बसते आणि तिसऱ्याच दिवशी, 6 फेब्रुवारीला, कॅम्पसवर हजारोंचा जमाव, अंडी, दगडगोटे, जिवे मारायच्या आरोळ्या. युनिव्हर्सिटीने काय केलं? तिच्याच सुरक्षिततेचं कारण देऊन तिलाच निलंबित केलं, आणि युनिव्हर्सिटीची जमावाला साथ होती असं तिच्या वकिलांनी कोर्टात म्हटल्यावर तिला काढूनच टाकलं. जमावाचं जे म्हणणं होतं तेच झालं. हे वाचताना अजूनही राग येतो.

मग 11 जून 1963. हा दिवस जगाला माहितीये कारण कॅमेरे होते. विवियन मॅलोन आणि जेम्स हूड या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं नाव नोंदवायचं होतं, आणि त्यांना अडवायला राज्याचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस फॉस्टर ऑडिटोरियमच्या दारात येऊन उभा राहिला. कोण कुठे उभं राहणार त्याच्या खुणासुद्धा जमिनीवर आधीच आखून ठेवल्या होत्या, म्हणजे हे सगळं टीव्हीसाठी रचलेलं होतं. राष्ट्राध्यक्ष केनेडींकडून आलेले निकोलस कॅट्झेनबाख समोर घामाघूम होऊन उभे, वॉलेस आपलं निवेदन वाचतोय आणि ज्या दोन मुलांबद्दल हे चाललंय ती बाहेर गाडीत बसून आहेत. कॅट्झेनबाख परत फिरले आणि मॅलोनला सरळ हॉस्टेलच्या खोलीवर सोडून आले. दुपारी केनेडींनी नॅशनल गार्ड म्हणजे राज्याचं राखीव सैन्य केंद्राच्या ताब्यात घेतलं, त्याच्या जनरलने येऊन बाजूला व्हायला सांगितलं, वॉलेस बाजूला झाला, नोंदणी झाली. त्याच संध्याकाळी केनेडींचं नागरी हक्कांवरचं टीव्हीवरचं भाषण झालं. मॅलोन 1965 ला पदवी घेऊन बाहेर पडली, या युनिव्हर्सिटीची पहिली कृष्णवर्णीय पदवीधर. पण जगाच्या डोक्यात राहिला तो दारातला वॉलेस, मॅलोनची पदवी किती जणांना आठवते?

याच वर्षांत मैदानावर पॉल 'बेअर' ब्रायंटचं राज्य होतं, 1958 ते 1982, सहा राष्ट्रीय विजेतेपदं. आणि दोन्ही प्रतिमा एकमेकीवर आदळल्या 1966 मध्ये. त्या सीझनला अलाबामा एकही मॅच हरली नाही, तरी राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या मतदानात तिसरी, आणि वर नोत्र दाम आणि मिशिगन स्टेट, ज्यांनी आपापसातली मॅच 10-10 अशी बरोबरीत सोडली होती. तिथले जुने फॅन अजून त्यावर तावातावाने बोलतात, आमचं विजेतेपद लुबाडलं म्हणतात. बाकीचे म्हणतात की टीम पूर्ण गोरी, राज्यात वॉलेस, पत्रकार मतं कशाला देतील? मला विचाराल तर खेळाडूंचं वाईट वाटतं पण पत्रकारांना जे दिसत होतं ते खोटं नव्हतं. 1970 मध्ये साउथ कॅलिफोर्नियाची टीम अलाबामातल्याच बर्मिंगहॅम शहरात आली आणि सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने अलाबामाच्या बचावाच्या चिंध्या केल्या, 42-21. या एका मॅचने दक्षिणेचं फुटबॉल बदललं असं सर्रास सांगतात, ते जरा फुगवलेलं आहे, कारण विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला अलाबामाची स्कॉलरशिप आधीच मिळाली होती, तो त्या दिवशी स्टेडियममध्ये बसून मॅच बघत होता कारण तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य टीमकडून खेळता यायचं नाही.

आता अभ्यास. इथेच मला वाटतं बाहेरचे चुकतात आणि याचं कारण कुणी सांगत नाही. अलाबामा राज्य लहान, गरीब, आणि उच्च शिक्षणाचा पैसा चार ठिकाणी वाटला गेला. शेती आणि इंजिनियरिंगसाठी केंद्राच्या जमिनीचं अनुदान 1872 ला ऑबर्नला गेलं, तीच ऑबर्न जिच्याशी दरवर्षी फुटबॉलचं हाडवैर. मेडिकल कॉलेज टस्कलूसातच होतं, ते 1945 ला उचलून बर्मिंगहॅमला नेलं, आणि त्याभोवती वाढलेली संस्था 1969 ला स्वतंत्र युनिव्हर्सिटी झाली, आज तिथलं हॉस्पिटल आणि मेडिकल रिसर्च देशात मोठं नाव आहे. रॉकेटचं काम हंट्सव्हिलला, तिथे रॉकेटतज्ज्ञ फॉन ब्राउनने स्वतः विधिमंडळापुढे जाऊन रिसर्च इन्स्टिट्यूटसाठी पैसे मागितले, पुढे तिचीही वेगळी युनिव्हर्सिटी झाली. म्हणजे ज्या विभागांवर रिसर्चचा पैसा आणि रँकिंग उभं राहतं ते एकेक करून टस्कलूसाच्या बाहेर गेले आणि जुनं नाव आणि फुटबॉल तेवढं तिथे राहिलं. एवढं होऊनही तिथलं लॉ स्कूल बरीच वर्षं देशातल्या चांगल्या लॉ स्कूलमध्ये मोजलं जातं, क्रिएटिव्ह रायटिंगच्या कोर्सला मान आहे, मुंग्यांचा अभ्यास करणारे ई. ओ. विल्सन तिथे शिकले, देशभरातल्या पुरांचा अंदाज काढणारं राष्ट्रीय जलकेंद्र त्या कॅम्पसवर आहे, आणि 2018 पासून अमेरिकन युनिव्हर्सिट्यांच्या कार्नेगी वर्गवारीतल्या सगळ्यात वरच्या रिसर्च गटात युनिव्हर्सिटी आली. हार्वर्ड नाही ती, पण "तिथे काय शिकतात" म्हणण्यासारखीही नाही.

मग 2007. निक सेबन मायामी डॉल्फिन्स ही व्यावसायिक टीम सोडून कोच म्हणून आला, आठ वर्षांचे 3 कोटी 20 लाख डॉलर्स. त्या वसंतात नुसत्या सरावाची मॅच होती, स्वतःचीच टीम दोन भाग करून आपसात खेळणार, आणि ती बघायला 92 हजार लोक आले. पुढे त्याने तिथे सहा विजेतेपदं जिंकली आणि विद्यार्थी 25 हजारांच्या आसपास होते ते दहा वर्षांत 37 हजारांच्या वर गेले. सगळे म्हणतात सेबनमुळे, पण वाढीची योजना प्रेसिडेंट रॉबर्ट विट यांनी 2003 ला आल्यापासूनच सुरू केली होती. 2008 च्या मंदीनंतर राज्याने हात आखडता घेतला, मग बाहेरच्या राज्यांतून दुपटीहून जास्त फी भरणारी मुलं आणायची आणि चांगल्या मार्कांच्या मुलांना घसघशीत स्कॉलरशिप द्यायची, असं धोरण. इलिनॉय, टेक्सास, कॅलिफोर्नियात युनिव्हर्सिटीची माणसं नेमली. टीव्हीवर शनिवारी बामा जिंकतेय हे त्यांना फुकट मिळालेलं मार्केटिंग. मॅचच्या दिवशी तिथलं हिरवं मैदान म्हणजे क्वाड सकाळपासून जत्रेसारखं फुललेलं असतं, तंबू, बार्बेक्यू, टीव्ही, लाल-पांढरे कपडे, ओळख नसलेली माणसंही समोरून जाताना "रोल टाइड" ही बामाची घोषणा म्हणतात, आणि कोवळ्या वयाची मुलं कॅम्पस बघायला त्या दिवशी आली की हरखतातच. पुढे पुढे बाहेरच्या राज्यांतली मुलंच निम्म्याहून जास्त झाली.

तिसरी प्रतिमा पार्ट्या आणि सोरोरिटीची. हे मुलींचे क्लब, मोठमोठ्या खांबांची घरं, आणि मुलांच्या फ्रॅटर्निटीबरोबर मिळून त्यातल्या काहींची 'द मशीन' नावाची गुप्त युती विद्यार्थी निवडणुका कित्येक दशकं ताब्यात ठेवून आहे. 2013 मध्ये 'क्रिमझन व्हाइट' या विद्यार्थ्यांच्याच पेपरने छापलं की उत्तम मार्क असलेल्या कृष्णवर्णीय मुलीला क्लबांनी नाकारलं आणि तेही आतल्या मुलींना ती हवी असताना, जुन्या सदस्य बायकांच्या दबावामुळे. वॉलेस दारात उभा राहिला त्याला बरोब्बर पन्नास वर्षं झाली होती! देशभर बोभाटा झाल्यावर प्रेसिडेंट जूडी बॉनर यांनी क्लबांच्या प्रवेशाची प्रक्रिया पुन्हा उघडायला लावली. त्या विद्यार्थी पत्रकारांचं मला फार कौतुक वाटतं, आपल्याच कॅम्पसवर राहून हे लिहायला धाडस लागतं. आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये याच सोरोरिटी निवडीचे व्हिडिओ टिकटॉकवर गाजले, आजचे कपडे कुठले, बांगड्या कुठल्या, आणि ज्यांना अलाबामा नकाशात दाखवता येणार नाही तेही बघत बसले. त्या व्हिडिओंमुळे नव्या पिढीला बामा म्हणजे तेवढंच वाटतं.

ऑथरीन लूसीचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. तिची हकालपट्टी 1988 ला रद्द झाली, ती परत आली आणि 1992 ला आपल्या मुलीबरोबर एकाच समारंभात पदवी घेतली, ती एमएची. फेब्रुवारी 2022 मध्ये एका इमारतीला तिचं नाव द्यायचं ठरलं, पण आधीचं बिब ग्रेव्हज हे नावही ठेवून, आणि ग्रेव्हज हा कू क्लक्स क्लान या हिंसक वर्णद्वेषी संघटनेतला माणूस. विद्यार्थी आणि पेपर तुटून पडले, आठवड्याभरात निर्णय फिरला आणि फक्त तिचंच नाव राहिलं. समारंभाला ती स्वतः आली होती, त्यानंतर थोड्याच दिवसांत, 2 मार्चला ती गेली.

सेबन जानेवारी 2024 ला निवृत्त झाला. त्याच वर्षी राज्याने सरकारी कॉलेजांमधले विविधतेचे कार्यक्रम बंद करणारा कायदा केला आणि कॅम्पसवरच्या ब्लॅक स्टुडंट युनियनचं ऑफिस बंद झालं. आता तिथली निम्म्याहून जास्त मुलं बाहेरच्या राज्यांतली आहेत, आणि सुट्टीत घरी गेल्यावर त्यांचे मित्र बामाबद्दल या मुलांनाच विचारतात.