टेन्शनची टेस्ट असते का हो?

आमच्या नाशिकच्या लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न नेहमीचाच. द्राक्षं काढणीला आली आणि अवकाळी पडला की निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार विचारतात, महिनाअखेरीला अंबड-सातपूरचे कामगार. तशी टेस्ट नसते. कॉर्टिसॉल हे ताणात वाढणारं हार्मोन मोजता येतं, पण ते सकाळी जास्त, रात्री कमी असं हलत राहतं; एका नमुन्यावरून काळजीचं माप निघत नाही. आमच्या दरपत्रकात ती तपासणी आहे खरी, तरी डॉक्टरांनी लिहून दिली नसेल तर त्यात पैसे घालू नका.

टेन्शनचा परिणाम रक्तवाहिन्यांवर मात्र होतो. अ‍ॅड्रेनालिन सुटतं, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं. द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर चढलेलं घरी पोचेपर्यंत उतरतं. पण कर्जाचा हप्ता किंवा घरातलं आजारपण महिनोन्महिने मागे असलं की ते वारंवार चढत राहतं. धमनीचं आतलं गुळगुळीत अस्तर दुखावतं, वाईट कोलेस्टेरॉल त्यात शिरतं, मागोमाग पांढऱ्या पेशी येतात, थर जाड होत जातो. २०१४ च्या एका अभ्यासात आयसीयूत ड्यूटी करणाऱ्या तरुण डॉक्टरांच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या होत्या. असा थर फाटून त्यावर गुठळी जमली की अटॅक. ५२ देशांतल्या पाहणीनंतर २००४ मध्ये अटॅकचा धोका वाढवणाऱ्या धूम्रपान, मधुमेह, बीपी यांच्या रांगेत मानसिक ताणही आला.

त्यातून टेन्शन एकटं येत नाही. तंबाखूचा बार वाढतो, झोप मोडते, बीपीची गोळी घ्यायची राहते. आमच्या मते रिपोर्ट बिघडवण्यात यांचाच हात मोठा.

मग तपासायचं काय? बीपी, उपाशीपोटी साखर, लिपिड प्रोफाइल म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी. एवढ्याने बरंच कळतं. सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज-दाह दाखवणारी रक्ततपासणी, सांगितली असेल तर सर्दी-तापात करू नका, आकडा उगाच वाढलेला येतो.

बीपी घाईत मोजून घेऊ नका. पार्किंग शोधून, जिना चढून धापा टाकत आलेल्या एका काकांचं १६८/९८ भरलं. दहा मिनिटं बसवलं, चहा मागितला तो दिला नाही, १४२/८६. तरी ते जास्तच, पण गोळीचा निर्णय असा एका आकड्यावर होत नाही. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता पाच मिनिटं बसा. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको.

छातीत दडपण, दरदरून घाम, हात किंवा जबडा भरून येणं असं काही झालं तर लॅबकडे येऊच नका. १०८ ला फोन करा.