गुळवेलीच्या आत राहणारी बुरशी आणि आपला मेंदू

ठाण्याजवळच्या येऊरला पावसाळ्यात चालायला गेलं की झाडांवर लोंबणारी गुळवेल दिसते, तिचा काढा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी कोविडमधे प्यायलाय. पण त्या हिरव्यागार पानाच्या आत, पेशींच्या मधल्या फटीत बुरशी राहते हे कितीजणांना माहितीये? वरून पडलेली नाही, आतच राहणारी, आणि वेलीला त्याचा काही त्रास नाही. तिला एंडोफाइट म्हणतात, आणि तुळस, ब्राह्मी, अडुळसा, जवळपास ज्या झाडात शोधलं तिथे ती सापडलीय.

शोधतात कसं ते ऐका. पान धुवून ७० टक्के अल्कोहोलमधे बुडवायचं, मग ब्लीचसारख्या द्रावणात, म्हणजे बाहेरची सगळी बुरशी मरते, नंतर निर्जंतुक पाण्याने धुवून त्याचे बारीक तुकडे करून बटाट्याचं पाणी, साखर आणि अगार घातलेल्या बशीत ठेवायचे. शेवटचं धुतलेलं पाणीही वेगळ्या बशीत घालतात, तिथे काही उगवलं तर पान नीट साफ झालं नव्हतं. काही दिवसांत तुकड्याच्या कापलेल्या कडेतून पांढरे, करडे धागे बाहेर येतात, हीच ती आतली मंडळी.

आता मेंदूचं. माझी आजी शेवटची काही वर्षं मला माझ्या बाबांच्या नावाने हाक मारायची, तेव्हापासून मी हा विषय सोडलेला नाही. आपल्या मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात, कचरा उचलणाऱ्या, जंतूंशी लढणाऱ्या. अल्झायमरमधे त्या भडकलेल्याच राहतात आणि नायट्रिक ऑक्साइड, टीएनएफ अल्फा असले दाह वाढवणारे पदार्थ सोडत राहतात, त्यात शेजारच्या चांगल्या चेतापेशीही भाजून निघतात. झाडात राहणाऱ्या बुरशीच्या रसायनाने हा भडका शमतो का ते बघायला लॅबमधे उंदराच्या मायक्रोग्लियाला जिवाणूच्या भिंतीचा तुकडा देऊन मुद्दाम भडकवतात, मग बुरशीतून काढलेलं रसायन टाकून नायट्रिक ऑक्साइड कमी झालं का ते मोजतात. आणि पेशी जिवंत आहेत ना हेही बघावंच लागतं, कारण मेलेली पेशीही काहीच सोडत नाही! अशी दाह कमी करणारी बरीच रसायनं सापडलीयत, पण बशीतून माणसाच्या मेंदूपर्यंत जायचं तर रक्त आणि मेंदूमधली चाळणी ओलांडावी लागते, तिथेच बहुतेक अडकतात. त्यामुळे बुरशी लागलेली पानं कुणी खाऊ नका प्लीज, काही बुरश्या विषारी असतात.

तरी आशा खोटी नाही. हुपर्झिया नावाच्या चिनी वनस्पतीत हुपर्झिन ए असतं, ते आठवणीसाठी लागणारं अ‍ॅसिटाइलकोलिन तुटू देत नाही, आणि त्याच वनस्पतीत राहणाऱ्या काही बुरश्याही ते बनवताना सापडल्यात. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारावरचं फिंगोलिमॉड हे औषध, अमेरिकेत २०१० साली मंजूर झालेलं, तेही एका बुरशीच्या रसायनावरूनच घडवलं, फक्त ती बुरशी झाडात नाही तर किड्यावर वाढणारी.

आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याचंही तसंच, कॅन्सरच्या औषधांसाठी लागणाऱ्या कॅम्पटोथेसिनपायी ही झाडं बेसुमार तोडली गेली, आणि २००५ मधे भारतीय शास्त्रज्ञांना त्याच झाडात ते बनवणारी बुरशी मिळाली. मग झाड कशाला तोडायचं? अडचण एवढीच की लॅबमधे चार-पाच पिढ्या वाढवल्यावर अशा बुरश्या बऱ्याचदा ते बनवणं कमी करतात, झाडाकडून मिळणारा काहीतरी इशारा तिथे नसतो बहुतेक. म्हणून काहीजण आता फ्लास्कमधे यजमान झाडाचाच अर्क घालून बघतायत, बुरशीला घरीच असल्यासारखं वाटावं म्हणून.